किडन्या ठणठणीत, तरी क्रिएटिनिन चढतंय

रात्री हायवेवर टेम्पो उलटला होता. ड्रायव्हर तिशीतला. पोटाच्या सीटीत लिव्हर, स्प्लीन, दोन्ही किडन्या ठीक होत्या, कमरेचं हाडही शाबूत. पोटात पाणी मात्र होतं. मी रेडिओलॉजिस्ट. सकाळी सर्जन माझ्याकडे आले तेव्हा पेशंटचं पोट फुगलेलं, कॅथेटरमधून जेमतेम लालसर लघवी आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ, वाढून २.६. किडनी बंद पडतेय का, अशी त्यांना धास्ती होती.

मी त्या पाण्यावर कर्सर ठेवला. ८ हाउन्सफील्ड, सीटीवर घनता मोजायचं हे एकक. ताजं रक्त असतं तर आकडा सहसा ३०च्या पुढे जातो. बाहेर पेशंटचा भाऊ होता. त्याला विचारलं, वाटेत गाडी कुठे थांबवली होती का?

"नाही मॅडम. माल वेळेत पोचवायचा होता, लघवीलासुद्धा उतरला नाही."

भरलेल्या मूत्राशयावर स्टिअरिंगचा दणका बसला की ते वरच्या बाजूला फाटतं. तिथली भिंत सगळ्यात कमजोर. लघवी पोटाच्या पोकळीत साचते, तिथून रक्तात शोषली जाते आणि किडन्या धडधाकट असूनही क्रिएटिनिन चढतं.

"पण कॅथेटर क्लॅम्प करून उशिराचा स्कॅन झालाय, त्यात लीक नाही," सर्जन म्हणाले. या स्कॅनवर विसंबणं मला कायम खटकतं. शिरेतून दिलेल्या आणि किडनीतून उतरलेल्या डायने (स्कॅनवर पांढरं दिसणाऱ्या द्रवाने) मूत्राशय पुरेसं ताणलं जात नाही, मग छिद्र असूनही दिसत नाही. डाय खालून, कॅथेटरमधूनच भरायला हवा.

टेक्निशियनने ५०० मिलीच्या सलाईनमध्ये डाय मिसळून बाटली स्टँडला टांगली. सिरिंजने ढकलायचं नाही, आपल्या वजनाने उतरू द्यायचं. किमान ३०० मिली तरी जायला हवं. पेशंट कण्हत होता, "बास करा" म्हणाला. थोडं थांबून, त्याच्याशी बोलत बोलत उरलेलं सोडलं.

स्क्रीनवर आतड्याच्या वेटोळ्यांमधून पांढरा डाय पसरलेला दिसला. सर्जननी तिथूनच ओटीला फोन लावला. हाच डाय पोकळीच्या बाहेर, हाडाजवळ राहिला असता तर बहुतेक वेळा नुसत्या कॅथेटरवर भागतं. इथे टाके घालण्यावाचून गत्यंतर नव्हतं. म्हणूनच लालसर लघवी आणि पोटात पाणी असं दिसलं की मी सिस्टोग्रामसाठी, म्हणजे कॅथेटरमधून डाय भरून केलेल्या या तपासणीसाठी, हटून बसते, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी.

ऑपरेशननंतर क्रिएटिनिन भराभर उतरलं. कॅथेटर काढण्याआधी पुन्हा सिस्टोग्राम केला, लीक नव्हता.