भारतातला फोन ऑस्ट्रेलियात चालतो का? माझा अनुभव

ऑस्ट्रेलियात मुलांकडे निघालेल्या आई-वडिलांना फोनबद्दल सगळे एकच वाक्य ऐकवतात. "अनलॉक आहे ना, म्हणजे कुठल्याही कंपनीचं सिम चालतं ना? मग तिकडचं सिम टाकलं की झालं." मला हे नाशिकच्या मोबाइल दुकानदाराने सांगितलं, जावयांच्या मित्राने सांगितलं आणि मेलबर्नला पोचल्यावर काउंटरवरच्या मुलानेही सांगितलं. सगळे चांगल्या मनाने बोलत होते, पण माहिती अर्धीच होती. उरलेली अर्धी मला खणून काढावी लागली, तीही घरात ओली बाळंतीण असताना. त्याचा राग अजून गेलेला नाही.

मी बँकेतून निवृत्त झालेली. 2025 च्या मे महिन्यात लेकीच्या बाळंतपणासाठी गेले. ते लोक मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीटमध्ये राहतात. माझा फोन अँड्रॉइड, दोन सिमचा, 5जी असलेला, नाशिकलाच घेतलेला आणि फारसा जुनाही नाही. प्रीपेड सिम सुपरमार्केटमध्ये मिळालं, पासपोर्टचा नंबर टाकून घरबसल्या चालू झालं, अठ्ठावीस दिवसांचा रिचार्ज मारला. काड्या पूर्ण, नेट सुसाट, व्हॉट्सअ‍ॅपवर नाशिकला व्हिडिओ कॉल. साधे कॉलसुद्धा जात-येत होते. आठवडाभर सगळं सुरळीत चाललं म्हणून मी निर्धास्त झाले.

मग इंग्रजीत एक मेसेज आला. तुमच्या फोनवरून आणीबाणीचा 000 हा नंबर लागू शकत नाही, त्यामुळे या फोनची सेवा बंद करण्यात येईल, असा त्याचा आशय. फसवाफसवीचा मेसेज असेल असं लेकीला वाटलं. त्यातली लिंक न उघडणं बरोबरच होतं. पण दुसऱ्या दिवशी दुपारपासून फोनवर नेटवर्कच नाही. नेट नाही, कॉल नाही, काही नाही. घरातल्या वायफायवर व्हॉट्सअ‍ॅप चालत होतं तेवढंच.

आमच्या घरची परिस्थिती सांगितल्याशिवाय याचं गांभीर्य कळणार नाही. लेकीचं सिझेरियन झालेलं, जावई रात्रपाळीला. रात्री घरात मी, ती आणि तान्हं बाळ. व्हिक्टोरियात बाळंतिणीच्या घरी सरकारी नर्स भेट द्यायला येते, ही फार चांगली पद्धत आहे. लेकीला झोप मिळावी म्हणून आम्ही नर्सला माझा नंबर दिला होता. तिने आदल्या दिवशी वेळ ठरवायला फोन केला तो लागलाच नाही. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा बाळाची अंघोळ अर्धवट आणि मी ओल्या हातांनी दार उघडते आहे, असं झालं.

मग सुरू झालं विचारणं. ज्या कंपनीचं सिम होतं तिचं नाव लिहीत नाही. तिच्या चॅटवर आधी यंत्र उत्तरं देतं, मग माणूस येतो. त्याने सांगितलं, फोन बंद करून चालू करा. केला. म्हणाला, सिम काढून परत घाला. घातलं. म्हणाला, सेटिंगमध्ये व्होल्टी, म्हणजे 4जी वरून कॉल लावायची सोय, चालू आहे का बघा. ते पहिल्यापासून चालूच होतं. शेवटी म्हणाला, "तुमचं उपकरण सुसंगत नाही." का नाही, कशाशी नाही, यावर उत्तर नाही. तेच वाक्य परत परत. चाळीस वर्षं मी काउंटरच्या पलीकडे बसून लोकांचे प्रश्न सोडवले आहेत. एखादं काम होणार नसेल तर का होणार नाही हे सांगणं आमच्याकडे कामाचाच भाग मानत. इथे कारण सांगायला कुणी बांधील नव्हतं.

म्हणून वेरिबीच्या मॉलमधल्या दुकानात गेले. काउंटरवर एक पंजाबी मुलगा, अगदी गोड. फोन हातात घेऊन त्याने सगळी सेटिंग पाहिली, इंटरनेटवर माझ्या फोनचे बँड, म्हणजे तो कोणकोणत्या लहरी पकडतो ते, काढले. इथे कॉल आणि नेटसाठी 700 मेगाहर्ट्झचा बँड 28 आणि 1800 चा बँड 3 महत्त्वाचे, ते दोन्ही माझ्या फोनमध्ये होते. म्हणाला, "आंटीजी, अनलॉक्ड है, सारे बँड भी हैं, चलना तो चाहिए." मी म्हटलं, "बेटा, चलना चाहिए, पर चल नहीं रहा." त्याने नवं सिम दिलं. तेही चाललं नाही.

घरी येऊन मी तेच सिम लेकीच्या फोनमध्ये घातलं. क्षणात चालू! तिथे मला पहिल्यांदा कळलं की बंद सिम झालेलं नाही, बंद फोन झालेला आहे. तुमच्यावर ही वेळ आली तर सगळ्यात आधी हेच करून बघा. उगाच नवी सिमं विकत घेऊ नका आणि रिचार्ज बुडाला असंही समजू नका.

शेजारच्या आंध्रच्या काकूंनी सुचवलं, कंपनी बदला, अमुक तमुक स्वस्त आहे. त्याचाही उपयोग नाही. ऑस्ट्रेलियात मोबाइलची मुख्य जाळी तीनच, टेल्स्ट्रा, ऑप्टस आणि व्होडाफोन. बूस्ट आणि आल्डी टेल्स्ट्राच्या जाळ्यावर चालतात, अमायसिम ऑप्टसच्या, लेबारा व्होडाफोनच्या. आणि ज्या नियमामुळे फोन बंद झाला तो तिघांनाही लागू आहे.

तो नियम मला अखेर दुसऱ्या एका दुकानातल्या, माझ्याच वयाच्या बाईंनी समजावला. त्यांनी बँड वगैरे बघितलेच नाहीत. *#06# दाबायला सांगितलं. पडद्यावर दोन आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचे स्वतःचे ओळख-नंबर, आले, दोन सिमचे दोन. त्यांनी पहिल्याच्या सुरुवातीच्या आठ आकड्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, हे आठ आकडे म्हणजे तुमचं मॉडेल. आम्ही एवढंच बघतो. हे मॉडेल भारतासाठी बनवलेलं आहे आणि इथल्या यादीत नाही. मी तिथेच खुर्चीवर बसले. इतके दिवस जे मागत होते ते दोन वाक्यांत मिळालं होतं. आनंद झाला आणि आधीच्या सगळ्यांचा संतापही आला.

नंतर मी शांतपणे वाचून घेतलं ते असं. ऑस्ट्रेलियात 2जी 2018 पर्यंत पूर्ण बंद झालं. व्होडाफोनने 3जी 2024 च्या जानेवारीत उरकलं, टेल्स्ट्रा आणि ऑप्टसने 28 ऑक्टोबर 2024 पासून. म्हणजे आता कॉल लावायचा तर तो 4जी किंवा 5जी वरूनच. 4जी वरच्या कॉललाच आपण व्होल्टी म्हणतो. आपल्याकडे 2016 साली जिओ आलं तेव्हापासून हा शब्द घरोघरी झाला आहे. पण आपल्याकडे एअरटेलचं आणि व्हीआयचं 2जी अजून चालू आहे. त्यांच्या सिमवर फोनला 4जी वरून कॉल जमला नाही तर तो गुपचूप 2जी वर उतरतो आणि कॉल लागतो, आपल्याला काही कळत नाही. ऑस्ट्रेलियात उतरायला खाली काही उरलेलंच नाही.

आता मुख्य गाठ. माझे साधे कॉल 4जी वरून जात होते, मग अडचण कसली? अडचण 000 ची. आणीबाणीचा नंबर दाबला की फोन तो साध्या कॉलसारखा पाठवत नाही, त्याची वाट फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळी लिहिलेली असते. कितीतरी मॉडेल अशी निघाली की त्यांचे साधे कॉल व्यवस्थित 4जी वरून जातात, पण 000 दाबलं की ती 3जी शोधायला लागतात. 3जी तर बंद. म्हणजे नेमकं अ‍ॅम्ब्युलन्स हवी तेव्हा फोन मुका. म्हणून तिथल्या सरकारने 2024 च्या ऑक्टोबरमध्येच कंपन्यांना बांधून टाकलं की ज्या फोनवरून 000 लागत नाही त्याला सेवाच द्यायची नाही. परदेशी बाजारासाठी बनलेल्या ज्या मॉडेलची खात्री कंपनीकडे नाही, ती मॉडेलंही त्यात अडकतात. एकाच नावाचा फोन भारतात एका मॉडेल नंबरने विकला जातो आणि ऑस्ट्रेलियात दुसऱ्या. नाव सारखं, आतलं सॉफ्टवेअर वेगळं.

नियम योग्य आहे, हे मी मनापासून म्हणते. तान्हं बाळ आणि टाके असलेली लेक घेऊन रात्री एकटी बसलेल्या बाईला 000 लागलाच पाहिजे. माझी तक्रार एवढीच की सिम चालू करतानाच आयएमईआय विचारून "हा फोन चालणार नाही" असं सांगता येत असताना आधी पैसे घेतले जातात, आठवडाभर चालू दिलं जातं आणि मग बंद केलं जातं.

एक गोष्ट मात्र कुणीही करू नका. "एकदा 000 लावून तर बघू" म्हणून चाचणी घेऊ नका. विनाकारण 000 लावणं तिथे गुन्हा आहे आणि खऱ्या अडचणीतल्या माणसाची लाइन अडते. 112 लावूनही बघू नका, मोबाइलवरून तोही तिथेच जातो. म्हणजे हा तपास स्वतः फोन लावून करता येत नाही, यादीवरच भरवसा ठेवावा लागतो.

मग मी काय केलं? ऑस्ट्रेलियातच विकला जाणारा साधा प्रीपेड स्मार्टफोन घेतला, शंभर डॉलरच्या आतला. असे फोन सुपरमार्केटमध्ये, ऑफिसवर्क्स नावाच्या दुकानांत मिळतात. बहुतेक एकाच नेटवर्कला लॉक असतात, त्यामुळे आपल्याकडे असलेलं सिम ज्या जाळ्यावर चालतं त्याचाच फोन घ्यायचा. अनलॉक फोन बंद आणि लॉक फोन चालू, हे आपल्याकडच्या हिशेबात बसत नाही, पण लॉक असणं-नसणं आणि 000 लागणं-न लागणं यांचा एकमेकांशी संबंधच नाही. माझं जुनं सिम त्यात घातलं, रिचार्ज वाया गेला नाही, आणि त्याच संध्याकाळी नर्सचा फोन आला. तो मी उचलला तेव्हा केवढं हायसं वाटलं! भारतातला फोन मी नव्या फोनच्या हॉटस्पॉटवर वापरायचे. हॉटस्पॉट म्हणजे वायफायच, त्यामुळे तिथे बंदी आड येत नाही. बागेत बाळाला फिरवताना दोन्ही फोन पर्समध्ये. व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर भारतातलाच ठेवला, तो बदलण्याच्या भानगडीत पडू नका.

निघण्याआधी भारतात काय करता येईल ते सांगते. सेटिंगमध्ये "फोनविषयी" उघडून मॉडेल नंबर पूर्ण लिहून घ्या, शेवटच्या अक्षरासकट. मग फोन बनवणाऱ्या कंपनीच्या ऑस्ट्रेलियातल्या साइटवर तोच नंबर आहे का बघा. फक्त नाव जुळून उपयोग नाही. *#06# दाबून आयएमईआय लिहा आणि ज्या कंपनीचं सिम घेणार तिच्या साइटवर तपासा. मुलांना इथूनच फोटो पाठवला तर ते तिथून तपासून ठेवतील. सॉफ्टवेअर अपडेट घरच्या वायफायवर करून घ्या, काही मॉडेल अपडेटनंतर चालू होतात. एसएमएसने 3498 वर 3 पाठवून तपासा असा सल्ला अजून फिरतो. ती सोय 3जी बंद होण्याच्या वेळी तिथल्या सिमवर होती, भारतातल्या सिमवरून तिचा उपयोग नाही.

आणि एकदा "चालेल" असं कळलं तरी निघायच्या आठवड्यात पुन्हा बघा. मी परतायच्या सुमारास, 2025 च्या ऑक्टोबरमध्ये, सॅमसंगच्या काही जुन्या मॉडेलचा नवाच प्रश्न निघाला. इतर जाळी बंद पडून फक्त व्होडाफोनचं जाळं उरलं तर त्या फोनवरून 000 लागत नव्हता. काहींना अपडेट पुरलं, काही फोन बदलावेच लागले. तेही तिथेच राहणाऱ्या लोकांचे.

तो स्वस्तातला फोन मी लेकीकडेच ठेवून आले, लॉक असल्याने नाशिकला त्याचा उपयोग नव्हता. दिवाळीनंतर विहीणबाई सांगलीहून गेल्या. त्यांच्या फोनचा मॉडेल नंबर आम्ही आधीच मागवून पाहिला, तो जुळला नाही. त्यामुळे त्या उतरल्या त्याच दिवशी जावयांनी त्याच जाळ्याचं नवं सिम त्या फोनमध्ये घालून त्यांच्या हातात दिला.