एबीएसचा पिवळा दिवा: जुन्या इनोव्हात शोध चाकापासून सुरू करा

चावी फिरवली की एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागतो आणि तीनेक सेकंदांत विझतो. तो विझला नाही किंवा चालत्या गाडीत पुन्हा लागला, तर यंत्रणेनं एबीएस बंद केलं असं समजा. साधे ब्रेक लागतातच, पण ओल्या रस्त्यावर जोरात दाबले तर चाकं लॉक होतील. सोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल तर प्रकरण वेगळं. आधी ब्रेक ऑइलची पातळी आणि हँडब्रेक पाहा. दोन्ही ठीक असूनही लाल दिवा जात नसेल तर मागच्या चाकांचा दाब सांभाळणारं ईबीडीसुद्धा गेलेलं असू शकतं. मग ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी घसरतात. अशी गाडी माणसं भरून घाटात नेऊ नये.

दिवा कधी लागतो, यावरून बरंच कळतं. चावी फिरवल्यापासून विझतच नसेल तर फ्यूज, रिले, तुटलेली वायर किंवा मॉड्यूल (एबीएस चालवणारा कॉम्प्युटर). आधी विझून गाडी थोडी पळाल्यावर लागत असेल तर एखाद्या चाकाचा सिग्नल येत नाही किंवा कमजोर येतोय, कारण चारही चाकांच्या वेगाची तुलना गाडी चालायला लागल्यावरच होते. खड्ड्यात किंवा स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर लागला तर वायर आतून तुटलेली. फक्त स्टार्टर मारताना लागत असेल तर बॅटरी तपासा. टायर बदलल्यावर सुरू झालं असेल तर चारही टायरांवरचे साइझचे आकडे जुळतात का ते वाचा.

आता कोड, म्हणजे यंत्रणेनं नोंदवलेला बिघाडाचा नंबर. ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे कोड वाचायच्या सॉकेटमध्ये, लागणारे स्वस्तातले ब्लूटूथवाले डोंगल बहुतेक वेळा इंजिनचेच कोड दाखवतात, एबीएसपर्यंत पोचत नाहीत. २००५ ते २०१६ मधल्या जुन्या इनोव्हात मात्र वायरच्या तुकड्यावर काम भागतं. चावी बंद ठेवून डॅशखालच्या ओबीडी सॉकेटमधली १३ आणि ४ नंबरची पिन जोडायची आणि मग चावी चालू करायची. दिवा लुकलुकून दोन आकडी कोड देतो. ३१ म्हणजे पुढचं उजवं चाक, ३२ पुढचं डावं, ३३ मागचं उजवं, ३४ मागचं डावं. स्कॅनरवर हेच सी०२००, सी०२०५, सी०२१० आणि सी०२१५ असे दिसतात. डावं-उजवं ड्रायव्हरच्या सीटवर बसून धरायचं. न थांबता एकसारखं लुकलुकणं म्हणजे एकही कोड साठलेला नाही. पिना दोनदा मोजा. १६ नंबरवर बॅटरीचा थेट करंट असतो, ती ४ ला लागली की फ्यूज उडतो.

३१ आला म्हणून लगेच सेन्सर मागवू नका. कोड चाक सांगतो, पार्ट सांगत नाही. त्या चाकाचा वेग मोजणारा सेन्सर, त्याची वायर, कपलर (वायरचा जोड), सेन्सरसमोर चाकाबरोबर फिरणारी दातेरी रिंग आणि बेअरिंगचा खुळखुळा, यातलं काहीही बिघडलं तरी कोड तोच येतो.

गाडी जॅकवर घेऊन खाली स्टँड लावा. चावी बंद करून सेन्सरचा कपलर सोडा. आत हिरवट गंज किंवा पाणी दिसलं तर अर्धं काम तिथेच झालं. नसेल तर मल्टिमीटर काढा. जुन्या कॉइलवाल्या सेन्सरचा रेझिस्टन्स साधारण १ ते २ हजार ओहम भरतो, पण आकड्यापेक्षा दुसऱ्या बाजूच्या सेन्सरशी तुलना महत्त्वाची. एक १४०० आणि दुसरा १४५० असेल तर दोन्ही ठीक. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली. सेन्सरची कुठलीही वायर आणि बॉडी यांच्यात मात्र जोड दिसता कामा नये. मग मीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून चाक हातानं सेकंदाला एक फेरा या बेतानं फिरवा. आकडा वर गेला पाहिजे, आणि इथेही दुसऱ्या बाजूशी ताडून बघा. मीटर लावलेलाच ठेवून वायर नकलपासून (चाक ज्यावर बसतं तो भाग) बॉडीपर्यंत हलवत जा. आकडा उडाला, तिथेच वायर तुटलेली.

नव्या पद्धतीचे हॉल सेन्सर असलेल्या गाडीला ही ओहमची चाचणी लावू नका. त्यांना बाहेरून व्होल्टेज लागतं. तिथे चावी चालू करून हार्नेसच्या, म्हणजे गाडीकडच्या वायरिंगच्या, बाजूला पुरवठा येतो का ते बघायचं.

दिवा फक्त पावसाळ्यातच लागत असेल तर स्प्रेच्या बाटलीत मिठाचं पाणी भरून वायर आणि कपलर भिजवा, मग पुन्हा मोजा. कोरड्यात न दिसणारी चीर ओल्यात पकडली जाते. तपासून झालं की साध्या पाण्यानं धुऊन वाळवा.

वायर तुटली असेल तर सोल्डर करून हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. नुसती काळी टेप एक पावसाळासुद्धा काढत नाही. दोन्ही वायर मूळच्या पिळासकट ठेवा, तो पिळ बाहेरचा विद्युत गोंधळ आत शिरू देत नाही.

सेन्सर बाहेर काढताना हातोडी नको. गंजलेल्या भोकात तो घट्ट बसतो आणि प्लास्टिक मोडतं. गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, मग हलकेच फिरवत काढा. टोकाशी चुंबक असल्यामुळे लोखंडी कीस चिकटलेला असतो. तो पुसूनच कित्येक दिवे विझतात. बसायची जागा पॉलिश पेपरनं साफ करा. तिथे गंजाचा थर राहिला तर सेन्सर वर उचलला जातो आणि रिंगपासूनचं अंतर वाढतं. हे अंतर जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास असतं, त्यामुळे थोडाही फरक भोवतो.

रिंगवर टॉर्च मारून सगळे दात बघा. तडा गेला असेल तर दर फेऱ्याला एकदा सिग्नल चुकतो. दिवा न लागता, गाडी थांबता थांबता शेवटच्या काही मीटरवर पेडल घरघरत असेल, तर पहिला संशय याच रिंगवर घ्या.

ज्या गाड्यांत बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकी पट्टा असतो, त्यांत बेअरिंग उलटं दाबून बसवणं ही गॅरेजमधली नेहमीची चूक. चाक छान फिरतं, सिग्नल शून्य.

सेकंडहँड गाडी घेताना उलटी तपासणी करा. चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागतच नसेल, किंवा बरोबर ऑइलच्या दिव्यासोबतच विझत असेल, तर त्याची वायर कुणीतरी दुसऱ्या दिव्याला जोडून ठेवलेली असू शकते.

मॉड्यूल सगळ्यात शेवटी. त्याआधी बोनेटखालच्या बॉक्समधले एबीएसचे मोठे फ्यूज, पंपाची अर्थिंगची (बॉडीला जोडलेली) वायर आणि त्या जोडावरचा गंज बघून घ्या. मॉड्यूलच गेलं असेल तर जिथे इलेक्ट्रॉनिक भाग स्क्रू काढून वेगळा होतो, तिथे तेवढाच दुरुस्त करून घेता येतो. ब्रेकच्या नळ्या सोडाव्या लागत नाहीत, हवा काढायचं कामही वाचतं.

काम झालं की इनोव्हात १३ आणि ४ जोडलेल्या ठेवून, चावी चालू करून, ५ सेकंदांत ब्रेकचं पेडल ८ वेळा दाबा. कोड पुसले जातात. वायरचा तुकडा काढून गाडी ४० च्या वेगानं फिरवून आणा आणि कोड पुन्हा वाचा.