खाण गेली, बँड राहिला

घरी येणारं कुणी ना कुणी विचारतंच : भजनात वाढलेला माणूस तुम्ही, इंग्लंडातल्या खाणकामगारांच्या बँडमध्ये एवढं काय ऐकता? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

यॉर्कशरमध्ये बार्न्स्लीजवळ ग्राइमथॉर्प नावाचं गाव आहे. तिथल्या कोळशाच्या खाणीवर १९१७ साली हा बँड उभा राहिला. जमिनीखालची पाळी संपवून, अंगावरचा कोळसा धुऊन माणसं तालमीला बसायची. या बँडमध्ये सनई-क्लॅरिनेटच्या जातीचं काही नाही, फुंकायचं सगळं पितळेचं. ट्रम्पेटसुद्धा नाही, त्याच्या जागी मऊ आवाजाचा कॉर्नेट. ट्रॉम्बोन सोडला तर बहुतेक वाद्यांचं स्वरलेखन एकाच पद्धतीचं आणि बोटंही तीच, त्यामुळे कॉर्नेटवर शिकलेला पोरगा गरज पडली की भल्याथोरल्या ट्यूबावरही बसू शकतो. दमून आलेल्या माणसांसाठी ही केवढी सोय! स्पर्धेत प्रत्येक बँडला एकच रचना वाजवायची असते आणि परीक्षक पडद्याआड बसतात. समोर कोण आहे ते त्यांना दिसतच नाही, न्याय सगळा कानांचा. मला हे फार आवडतं.

खाणी बंद करण्याविरुद्धचा १९८४-८५चा संप जवळजवळ वर्षभर चालला आणि खाणकामगार हरले. पुढे १३ ऑक्टोबर १९९२ला सरकारनं ३१ खाणी बंद करण्याचं जाहीर केलं. त्यांत ग्राइमथॉर्पची होती. त्याच महिन्यात लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये हा बँड राष्ट्रीय विजेता ठरला. आपली खाण जाणार हे ठाऊक असताना श्वास इतका स्थिर कसा ठेवला असेल त्यांनी? फुंकून वाजवायच्या वाद्यात मनातली थरथर लपत नाही हो. १९९३मध्ये खाण बंद झाली.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचे चालवायचे. चाळीतलं आमचं भजनी मंडळ डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, उभं राहिलं की जिना माणसांनी भरून जायचा. १९८२च्या जानेवारीत संप सुरू झाला. बुवा कोकणात गेले ते परतले नाहीत, झांजा वाजवणारे कुठे कुठे पांगले. पखवाज आमच्या खोलीत खुंटीला राहिला. त्याला कणीक लावायला कुणी उरलं नाही.

म्हणून ऐकतो. ग्राइमथॉर्पचा बँड २००६ आणि २००७मध्ये पुन्हा राष्ट्रीय विजेता झाला, २०१२च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्‌घाटनाला वाजला. त्याच्या नावात ‘कोलियरी’, म्हणजे कोळशाची खाण, हा शब्द त्यांनी अजून ठेवलाय.