मार्गेट: ओहोटीची वाट बघताना

मार्गेटहून येऊन आठवडा झाला तरी डोळ्यासमोर अजून तेच येतंय, करड्या पाण्यातून हळूहळू वर येणारं एक डोकं.

लंडनच्या सेंट पँक्रसहून फास्ट गाडी पकडली की दीडेक तासात मार्गेट. मी मालवणकडची, माझी मैत्रीण नागपूरची, दोघींना एकच रविवार मोकळा मिळाला म्हणून निघालो. समुद्रावर जायचं म्हणजे मला आधी भरतीची वेळ बघितल्याशिवाय चैन पडत नाही. आमचे आजोबा घड्याळाकडे न बघता सांगायचे, तिथीची पाऊणपट कर, तेवढ्या वाजता भरती, म्हणजे पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. आम्ही गेलो तीही पौर्णिमाच होती, पण परक्या किनाऱ्यावर आजोबांचा हिशेब कशाला म्हणून फोनवर बघितलं, भरती दुपारी एकला.

टर्नर काँटेम्पररी ही गॅलरी 2011 ला सुरू झाली, तिकीट नाही. चित्रकार टर्नर लहानपणी मार्गेटला शाळेत होता, मोठेपणी इथे मिसेस बूथ नावाच्या बाईंकडे उतरायचा, त्यांचं घर होतं त्याच जागेवर आता गॅलरी आहे. त्याची चित्रं मात्र तिथे कायम लावलेली नसतात, आणि मी तर त्यांच्यासाठीच आले होते, फार विरस झाला. मग मोठ्या काचेशी जाऊन उभी राहिले, समोर नुसतं आभाळ आणि पाणी, आणि क्षणाक्षणाला बदलणारा उजेड. यासाठी माणूस पुन्हापुन्हा इथे येणारच, असं मनापासून वाटलं.

जेवण सांगण्यासारखं नाही. एका कॅफेत अर्धी टेबलं रिकामी असताना, टेकअवे घेतलंय ना मग बाहेर बसा, असं सांगितलं. त्या वाऱ्यात चिप्स दोन मिनिटांत गार. पाहुण्याला असं वागवलेलं मला अजिबात आवडत नाही.

नंतर शेल ग्रोटो. जमिनीखालचं भुयार, 1835 मध्ये सापडलं, भिंतींवर 46 लाख शिंपल्यांची नक्षी, आणि ते कोणी आणि का केलं हे आजतागायत कुणाला माहीत नाही. जुन्या गॅसच्या दिव्यांच्या काजळीने शिंपले काळवंडलेत, तरी मी ओळखत गेले, हे खुबे, हे शिणाणे, ही कालवं. आमची आजी ओहोटीला खडकावर कालवं काढायला जायची, तिचे सोललेले हात आठवले आणि घसा दाटून आला.

साडेतीनला परत गॅलरीमागे आलो. तिथे खडकावर शिल्पकार अँटनी गॉर्मलीचा लोखंडी माणूस उभा आहे, अशा शंभर पुतळ्यांपैकी एक, भरतीला अख्खा पाण्याखाली जातो. आधी काहीच दिसेना. मैत्रीण म्हणाली, चल गं, थंडी वाजून राहिली. म्हटलं, थांब जरा. मग लाटेच्या मागे एक काळा ठिपका दिसला, गेला, परत दिसला, डोकं. तिने माझा हात घट्ट धरला. लोक यायचे, एक फोटो काढायचे आणि जायचे, आम्ही दोघी भिंतीला टेकून तिथेच. खांदे आले, छाती आली, हात अंगाला चिकटलेले, नजर लांब समुद्राकडे. फोनवर झूम करून बघितलं तर पायांवर शेवाळ आणि बारीक शिंपल्यांचा खडबडीत थर, वर्षानुवर्षं पाण्यात राहिलेल्या खडकासारखा.

"किती वेळचा दम धरून होता गं तो," ती म्हणाली. डोळ्यात पाणी होतं तिच्या. गेल्या वर्षी तिचे बाबा गेले तेव्हा तिला वेळेत पोचता आलं नव्हतं, त्याबद्दल ती कधीच बोलली नव्हती, तिथे पहिल्यांदा बोलली, आणि बराच वेळ बोलली. आमची ठरवलेली गाडी गेली, त्यानंतरचीही गेली. तो पायापर्यंत मोकळा झाला तेव्हाच उठलो.

गाडीत बसल्यावर तिने विचारलं, आता पुन्हा भरती कधी?

रात्री दीडच्या सुमारास, मी म्हटलं.

"म्हणजे अंधारात एकटाच जाईल पाण्याखाली," ती म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून बसली.