मोहाच्या दिवसांतला ताप

मेळघाटात होळी म्हणजे सगळ्यात मोठा सण. दिवाळीनंतर वीटभट्टीवर, बांधकामावर गेलेली कोरकू कुटुंबं कुठंही असली तरी होळीला गावात येतात, मग एकेका घरात दहा-बारा माणसं, आणि त्यात एकजण जरी फ्लू घेऊन आला की पुढचं सांगायलाच नको. होळी होऊन थोडेच दिवस झाले होते, तर आशाताईचा फोन, तोही टेकडीवर चढून केलेला कारण गावात रेंजच नाही. "सर, घरोघरी ताप हाय जी, लेकरं बी अन् म्हातारे बी, लवकर या."

पोचलो तर अंगणाअंगणात मोहाची फुलं वाळत घातलेली अन् ओसरीत खाटेवर पेशंट. बहुतेकांना साधा ताप-खोकला, पॅरासिटामॉल आणि आराम पुरतो. लहान लेकरांचा मात्र सदरा वर करून पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचा, वर्ष ते पाच वर्षांच्या लेकराचा ४० किंवा जास्त भरला की न्यूमोनिया समजून उपचार. घड्याळ लावूनच मोजायचा, अंदाजाने बिलकुल नाही.

मग एका घरात सातव्या महिन्याची बाई भेटली. आदल्या दिवसापासून ताप, बोलताना दम लागत होता, रक्तातला ऑक्सिजन ९१ टक्के, म्हणजे कमीच. मी म्हटलं आत्ताच धारणीच्या दवाखान्यात न्यायचं. नवरा म्हणे, "मोहा पडून रायला साहेब, इले नेलं तं येचन कोन?" त्याचं चूक नव्हतंच, मोहाचा पैसा या दिवसांतच मिळतो. आशाताई सासूजवळ बसून कोरकूत बराच वेळ बोलली, मला सगळं समजलं नाही, पण सासू उठली अन् स्वतःच सुनेचं लुगडं पिशवीत भरायला लागली. वेचायचं जावेनं अंगावर घेतलं.

घशाचा स्वॅब घेऊन बर्फाच्या डब्यात ठेवला, पण ऑसेल्टामिवीर या फ्लूवरच्या औषधाची ७५ मिलिग्रॅमची पहिली कॅप्सूल तिथंच ओसरीत दिली. गरोदर बाईच्या बाबतीत रिपोर्टची वाट बघायचीच नाही असं माझं ठाम मत आहे, औषध ४८ तासांच्या आत सुरू झालं तर जास्त लागू पडतं आणि २००९ च्या स्वाइन फ्लूत गरोदर बायांना हा आजार किती जड गेला ते सगळ्या जगाने बघितलंय. १०८ ची अँब्युलन्स आली, ऑक्सिजन लावला, निघालो.

एच१एन१ म्हणजे स्वाइन फ्लू पॉझिटिव्हचा रिपोर्ट हातात आला तेव्हा तिचा पाच दिवसांचा कोर्स संपत आला होता, ऑक्सिजन निघाला होता, बाळाचे ठोके व्यवस्थित होते. त्याच दिवशी कॅप्सूल घेऊन परत गावात गेलो आणि बाकीच्या गरोदर बाया एकेक करून पुन्हा तपासल्या.