दोन किलो बटाटे, एक पाकोळी आणि माझा न गेलेला राग

लिमाच्या विमानतळावर माझे दोन किलो बटाटे काढून घेतले आणि माझा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितेय. लिमात आपल्या कोथरूडचीच एक मैत्रीण राहते, तिला मी राहते त्या इक्वाडोरच्या राजधानीतले, क्विटोचे चाउचा बटाटे हवे होते, छोटे, आतून पिवळेधमक, पटकन शिजतात आणि उपासाच्या भाजीत असे काही विरघळतात की बास. पेरूत बटाटे नेणं म्हणजे कोकणात नारळ नेणं हे मलाही कळतं, पण मैत्रीण मागते तेव्हा असला हिशोब कोण करतं. बरं मी काही लपवून नेत नव्हते, फॉर्मवर सरळ लिहिलं होतं बटाटे आहेत म्हणून. धुतलेले, पुसलेले, एकेक करून भिंगाखाली बघितलेले, आणि माझं पोटापाण्याचं कामच बटाट्यातली कीड ओळखायचं, म्हणजे त्या अख्ख्या रांगेत माझ्याइतकं तपासलेलं सामान कोणाकडे असणार?

तिथला माणूस अगदी सभ्य होता, तेच जास्त लागलं. आपल्याकडे असता तर वाद तरी घालता आला असता, अहो साहेब दोन किलोंनी काय होतंय वगैरे. याने एक बटाटा हातात घेतला, किती छान आहेत म्हणाला, पिशवी सील केली, माझ्या सह्या घेतल्या आणि पुढचा! मी सांगायला गेले की मी याच किडीवर काम करते, तर म्हणाला मग तुम्हाला मी काय वेगळं सांगणार. यावर काय बोलणार सांगा.

नियम बरोबर आहे हो. ते मला पिशवी भरतानाही माहिती होतं, आणि म्हणूनच तर मी फॉर्मवर खरं लिहिलं, बाकीचे काय काय घेऊन जातात ते मी बघितलंय. असो.

तर ज्या पाकोळीपायी, म्हणजे एका छोट्या पतंगापायी, हे सगळं, ती ग्वाटेमालाची, शास्त्रीय नाव टेसिया सोलानिवोरा. सेंटिमीटरभर लांब, मळकट तपकिरी, दिव्याभोवती फिरताना दिसली तर तुम्ही ढुंकूनही बघणार नाही. आपल्याकडची जी बटाट्याची पाकोळी आहे ती पानंही पोखरते, ही बया फक्त बटाटाच खाते. खोडाजवळच्या मातीत अंडी घालते, एक मादी दोनेकशे सहज, आणि अळी बाहेर पडली की शिरते कंदात. शिरते ते भोक इतकं बारीक की धुऊन पुसून भिंग लावूनही दिसेलच असं नाही. दिसतं ते बाहेर पडतानाचं, तोवर आतला बटाटा काळा भुसा झालेला असतो.

हिचा प्रवास बघा. मध्य अमेरिकेतली ही, 1970 मध्ये कोस्टारिकात पोचली, तिथून बियाण्याच्या बटाट्यांबरोबर 1983 ला व्हेनेझुएला, 1985 ला कोलंबिया, 1996 ला इक्वाडोर, मग अटलांटिक ओलांडून स्पेनची कॅनरी बेटं आणि 2015 ला खुद्द स्पेनची मुख्यभूमी. इक्वाडोरला लागून पेरू, जिथे बटाट्याचा जन्म झाला, जिथे लिमाच्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्रात हजारो वाण जपून ठेवलेत, आणि पेरूत ही अजून शिरलेली नाही. आता कळलं ना तो माणूस पिशवीला का घाबरला.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. या पाकोळीचा डीएनए बघितला की ग्वाटेमालात तिच्यात भरपूर वैविध्य सापडतं, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतला, फक्त आईकडून येणारा डीएनए) जो तुकडा आम्ही वाचतो त्याचे कितीतरी प्रकार, आणि दक्षिण अमेरिकेत उतरली की एकदम मोजकेच. फ्रान्स आणि इक्वाडोरच्या मंडळींनी 2008 च्या सुमारास हे दाखवलं आणि नंतर डीएनएवरच्या दुसऱ्या प्रकारच्या खुणांनीही (मार्करनी) साधारण तेच दिसलं, पुढच्या पुढच्या देशात गेलं की वैविध्य आणखी आटत जातं. कारण सरळ आहे, दर वेळी चार पोत्यांतून जेवढ्या अळ्या आल्या तेवढ्यांचीच पुढची सगळी पिलावळ, बाकीचं घराणं मागे राहिलं. म्हणजे आज उत्तरेकडच्या कार्ची प्रांतापासून खाली इक्वाडोरभर जी पाकोळी शेतकऱ्याला रडवतेय ती जवळजवळ सगळी एकमेकींच्या मावस-चुलत बहिणी.

आम्ही कॉलेजात शिकलो की वैविध्य म्हणजे ताकद आणि जनुकं आटली की जात खंगते. ही कुठे खंगलीये? इथे विषुववृत्तावर ना हिवाळा ना उन्हाळा, एका शेतात लावणी चालू असते तेव्हा शेजारच्या शेतात काढणी, बाराही महिने पानात वाढलेलं, वर तिला खाणारे तिचे गावाकडचे शत्रू मागे राहिलेले. अशा ठिकाणी फार हुशार असावं लागत नाही. (परदेशात सेटल झालेल्या काही लोकांबद्दल माझं हेच मत आहे, पण ते दुसऱ्या पोस्टमध्ये.)

आणखी एक. नकाशा बघून वाटतं, मध्ये एवढे डोंगर, दर खोऱ्यात वेगळी पाकोळी असेल. ती स्वतः उडते किती, थोडंसंच. पण पोती जातात ना पॅनअमेरिकन हायवेनी! एका बाजारातली रिकामी पोती दुसऱ्या बाजारात, बियाणं या गावचं त्या गावाला, आणि घराघरातली साठवणीची खोली. ही पसरते कशी याचं इक्वाडोरात मॉडेल केलंय, त्यात माणसाची ने-आण आणि साठवणीच्या खोल्याच भारी ठरतात.

ती खोली मी बघितलीये, कार्चीत, कोलंबियाच्या सीमेकडे, तीन हजार मीटरच्या वर. नमुने आणायला गेले होते. ज्यांच्याकडे गेले त्या बाईंना मी दोन्या म्हणते, स्पॅनिशमध्ये मानाने बाईंना म्हणतात तसं, वय माझ्या आजीएवढं, डोक्यावर फेल्टची हॅट. स्वयंपाकघरात पायाशी गिनीपिग पळतायत आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत जमिनीवर बटाट्याचा ढीग. त्यांनी वरवर चांगला दिसणारा एक उचलला, अंगठ्याने दाबला, मान हलवली आणि चाकूने उभा चिरला. आत बोगदा, कडा काळ्या, बोगद्यात ओला भुसा, आणि मध्यभागी पाठीवर जांभळी आणि पोटाकडे हिरवट अशी अळी, अगदी मजेत. मी ट्यूब काढली, अळी अल्कोहोलमध्ये टाकली. दोन्यांनी बटाट्याचे दोन्ही भाग डुकराच्या बादलीत टाकले आणि मला विचारलं, ही घरी नेऊन काय करणार? म्हटलं हिची आई कोण ते शोधणार. खूप हसल्या. मग मला वाटीभर लोक्रो दिलं, बटाट्याचं दाट सार, वर चीज आणि अॅव्होकाडो, आणि मी बाहेर गाडीत येऊन आईला फोन करून कारण नसताना रडले. त्यात लसणाची फोडणी नव्हती म्हणून असेल.

आईचं ठाम मत आहे की पाकोळ्यांच्या आया शोधायला एवढ्या लांब कशाला, मंचरला पाकोळ्या नाहीत का. आहेत की. आणि त्या मूळच्या इकडच्याच! आपल्याकडची जी आहे, थोरिमिया ऑपरक्युलेला, तिचं माहेर दक्षिण अमेरिका, आणि ती 1906 साली इटलीहून आलेल्या बियाण्याच्या बटाट्यांतून मुंबई इलाख्यात उतरली. म्हणजे पोत्यांचा हा उद्योग आपल्याला नवा नाही. याच खानदानातली टोमॅटोची अळी 2014 ला महाराष्ट्रात सापडली, आणि कापसाची गुलाबी बोंडअळीही याच कुळातली, तिच्याबद्दल विदर्भातल्या वाचकांना मी काय सांगू.

तरी मी म्हणेन की आपण हातावर हात ठेवून बसलो नाही. कोपिडोसोमा नावाचा इवलासा परोपजीवी कीटक दक्षिण अमेरिकेतूनच भारतात आणलाय, तो पाकोळीच्या अंड्यात आपलं एक अंडं घालतो आणि त्या एकातून डझनावारी पिल्लं तयार होतात, अळी आतून फस्त. आपल्या कृषीवाल्यांच्या शिफारशीत तो असतो, आणि इथल्या सहकाऱ्यांना मी हे सांगते तेव्हा माझी मान जरा ताठ होते. मग ते विचारतात शेतकरी वापरतात का, तेव्हा मी विषय बदलते. पण इथेही काही वेगळं नाहीये. कार्चीत बटाट्यावर इतकं जहाल औषध मारत आलेत की माणसांवर झालेल्या परिणामांचे अभ्यास झालेत. साठवणीत भुरभुरायला इथल्या शास्त्रज्ञांनी विषाणूची पावडर काढलीये, टाल्कमध्ये मिसळलेली, फक्त अळीला मारते, आणि त्यातही गंमत अशी की दुसऱ्या पाकोळीवर सापडलेला विषाणू हिच्यावर तितका चालत नाही, हिच्यावरच सापडलेला जास्त चालतो. सगळ्या बहिणी-बहिणी असल्या की एकच रोग सगळ्यांना लागायची शक्यता जास्त, म्हणून माझं म्हणणं की तिची ही जनुकांची गरिबी आपला फायदा आहे आणि तो टिकवायचा तर नवीन रक्त आत येऊ द्यायचं नाही. आलीये ना एकदा कीड, आता कशाला तपासणी, असं बोलणाऱ्यांना हे कळत नाही. दुसरं पोतं पहिल्यापेक्षा वाईट असू शकतं.

(अवांतर, पण राहवत नाही. कोलंबियात 2010 च्या एका अभ्यासात दिसलं की या अळीने झाडाचे दहा टक्क्यांपेक्षा कमी बटाटे खाल्ले तर उरलेले बटाटे इतके फुगतात की विकण्याजोगं उत्पन्न न खाल्लेल्या झाडाच्या अडीचपट निघतं. अळीच्या लाळेत काहीतरी आहे. काकाला हे सांगितलं, तो म्हणाला नऊ टक्क्यांवर थांब असं अळीला कोण सांगणार.)

काका म्हणजे माझा मंचरचा काका, पठारावर बटाटा करतो, बियाणं पंजाबकडून आलेल्या पोत्यांतलं. परवा त्याचा व्हिडिओ कॉल आला, आरणीत (बटाट्याच्या साठवणीच्या ढिगात) पाकोळ्या झाल्यात, तू एवढी त्यातली डॉक्टर, सांग कोणतं औषध मारू. मी म्हटलं काका, आरणीतल्या बटाट्यावर काही मारू नका, खायचा माल आहे. पुढच्या वेळी मातीची भर नीट द्या, जमिनीला भेगा पडू देऊ नका, तिथूनच ती खाली जाते. काढलेला बटाटा रात्रभर शेतात उघडा ठेवू नका. आणि ढीग बटाट्याच्याच पाल्याने झाकता ना, ते आधी बंद करा, पाल्यातल्या अळ्या सरळ खाली उतरतात.

काका थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "अगं पोरी, हे तर तुझे आजोबा पण सांगायचे, त्यासाठी तू विमानाने गेलीस?"

मी म्हटलं, "आजोबा सांगायचे तर तुम्ही पाल्याने का झाकता?"

"मजूर झाकतात," म्हणाला, आणि फोन काकूकडे दिला.