शेणखतात ट्रायकोडर्मा वाढवताना: माझा अनुभव

ट्रायकोडर्मा ही पिकांच्या रोगकारक बुरशींना रोखणारी उपयुक्त बुरशी. तिची भुकटी नुसतीच कोरड्या मातीवर भुरभुरली तर बहुधा वाया जाते. ती जिवंत आहे; तिला ओल आणि सेंद्रिय खाद्य लागतं. म्हणून मी ती आधी शेणखतात वाढवतो आणि मग वाफ्यात मिसळतो.

प्रमाण १०० किलो शेणखताला १ किलो भुकटी. पाकिटावरची मुदत आधी बघायची. खत पूर्ण कुजलेलं हवं. ढिगात हात घातल्यावर गरम लागत असेल तर थांबा, कारण कुजणारा ढीग ५०-६० अंशांपर्यंत तापतो आणि ट्रायकोडर्माला २५ ते ३० अंशच मानवतात. ओल मुठीने तपासतो: खत दाबलं की गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. सावलीत फूटभर उंचीचा थर करून वर ओलं गोणपाट टाकायचं. प्लास्टिक नको, हवा कोंडते. तीन-चार दिवसांनी खालीवर करायचं, सुकत असेल तर पाणी शिंपडायचं.

आधी ढेकळांच्या कडांवर पांढरे धागे दिसतात, मग हिरवट बीजाणू. १० ते १५ दिवसांत खत तयार होतं. काळपट, चिकट होऊन सडका वास आला तर पाणी जास्त झालं. अर्थात हिरवं दिसलं म्हणजे ट्रायकोडर्माच, असंही नाही. पेनिसिलियम नावाची दुसरी बुरशीही हिरवीच असते. त्यामुळे सुरुवातीची भुकटी खात्रीची असणं महत्त्वाचं.

ट्रायकोडर्मा रायझोक्टोनियासारख्या रोगकारक बुरशीच्या धाग्यांना वेटोळे घालते, कायटिनेज आणि ग्लुकानेज ही विकरं सोडून त्यांची भिंत विरघळवते. पण मला वाटतं, तिचं मोठं काम याआधीच होतं: मुळांभोवतीची जागा ती आधी बळकावते आणि झाडाची स्वतःची प्रतिकारयंत्रणा जागी करते. मर रोगाची फ्युजारियम बुरशी एकदा झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत शिरली की बाहेरून टाकलेली ट्रायकोडर्मा तिथवर पोचत नाही. माना टाकलेलं रोप तिच्याने उठणार नाही.

म्हणून बीजप्रक्रिया चुकवू नये. किलोभर बियाण्याला ५ ते १० ग्रॅम, बी किंचित ओलसर करून चोळायचं, सावलीत सुकवून लगेच पेरायचं. त्याच बियाण्याला कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लावलं असेल तर ट्रायकोडर्मा लावून उपयोग नाही, ते तिलाही मारतं.

मुळांशी संगत करून राहणाऱ्या मायकोरायझा बुरशीचं गणित वेगळं. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, त्यामुळे ढिगात वाढवण्याचा प्रश्नच नाही. लागवडीच्या खड्ड्यात, मुळाला थेट लागेल अशी टाकायची. तिचे धागे केसमुळांपेक्षा बारीक असतात. मुळाजवळचा स्फुरद संपला की लांबून आणून देतात. पण मातीत स्फुरद भरपूर असेल तर झाड तिला फारसं थारा देत नाही. म्हणून लागवडीच्या वेळी स्फुरदाचा मोठा हप्ता मी टाळतो.

ती मुळात शिरली की नाही हे वरून दिसत नाही. बारीक मुळं १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये पारदर्शक होईपर्यंत उकळून धुवायची, मग ५ टक्के निळी शाई मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये तीन मिनिटं उकळायची. मायक्रोस्कोपखाली धागे निळे दिसतात. कोबी, मोहरी, बीट, पालक यांच्यासाठी मात्र मायकोरायझा आणूच नये; ही पिकं तिच्याशी संगत करत नाहीत.